स्पर्धा जरूर घ्या, पण आधी एक खोली द्या

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतल्या सार्वजनिक वाचनालयांचे आणि मराठी मंडळांचे पदाधिकारी व कार्यकारिणी सदस्य यांस,

स.न.वि.वि.

फेब्रुवारी जवळ आला की तुमच्या सूचनाफलकांवर आणि आमच्या मोबाइलवर एकाच धर्तीची पत्रकं झळकू लागतात. 27 फेब्रुवारी, कुसुमाग्रजांची जयंती, मराठी भाषा गौरव दिन, आणि त्यानिमित्त अलक (अति लघुकथा) स्पर्धा. विषय मुक्त, शब्दमर्यादा शंभर, कथा स्वरचित असावी, परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. पहिल्या तिघांना रोख बक्षीस, दोन उत्तेजनार्थ, सहभागी सर्वांना प्रमाणपत्र. यामागे कार्यकर्त्यांची किती धावपळ असते ते मी जवळून पाहिलं आहे, आणि ही स्पर्धा बंद करा असं सांगण्यासाठी हे पत्र नाही. माझं मागणं तिच्या अलीकडचं आहे. अति लघुकथा लिहायला शिकता येईल अशी एक कायमची जागा या दोन शहरांत हवी. ती तुम्हीच देऊ शकता.

गेली काही वर्षं मी लोकांना अलक लिहायला शिकवते आहे. कधी सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये, कधी शनिवारी दुपारी रिकाम्या झालेल्या शाळेच्या वर्गात, कधी कुणाच्या तरी दिवाणखान्यात. बँकेतून निवृत्त झालेले काका येतात, रबाळे एमआयडीसीत पाळी करणारा मुलगा येतो, ऐरोलीहून दोघी जावा एकत्र येतात, बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली मुलगी येते. तीन-चार बैठका झाल्या, लिखाणाला जरा धार येऊ लागली, की क्लब हाउसमध्ये कुणाचा तरी वाढदिवस निघतो, शाळेत परीक्षा लागते, दिवाणखान्याच्या मालकीणबाईंकडे पाहुणे येतात. गट फुटतो. पुढच्या वर्षी त्यातलेच काही जण तुमच्या स्पर्धेत कथा पाठवतात आणि प्रमाणपत्र घेऊन घरी जातात. आपली कथा कुठे कमी पडली, हे त्यांना कुणीच सांगत नाही.

लिहिणं शिकवता येत नाही, ते अंगातच असावं लागतं, असं मला तुमच्यापैकी अनेकांनी प्रेमाने ऐकवलं आहे. पण ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत गल्लोगल्ली तबल्याचे, गाण्याचे क्लास आहेत, आणि तिथे पाच वर्षांच्या पोराला कुणी थेट स्पर्धेच्या मंचावर बसवून 'वाजव' म्हणत नाही. आधी हात बसवतात, बोल पाठ करून घेतात, चुकलेला ठेका पन्नास वेळा पुन्हा वाजवून घेतात. त्यातला एखादाच पुढे तबलजी होतो. बाकीच्यांना निदान ठेका ऐकू येऊ लागतो, आणि ते काही थोडं नाही. कथेचंही तसंच आहे. प्रतिभा मी देऊ शकत नाही. पण कुठलं वाक्य कथेला ओझं झालंय ते ओळखायला शिकवता येतं, नक्की येतं.

परीक्षक म्हणून मी कथांचे गठ्ठे वाचले आहेत, म्हणून हे जबाबदारीने लिहिते. त्या गठ्ठ्यात काय असतं? नातवाशी गप्पा मारणारे आजोबा, आणि शेवटच्या ओळीत कळतं की ते भिंतीवरच्या तसबिरीत आहेत. मालकिणीची वाट पाहणारा 'तो', आणि शेवटी कळतं की तो कुत्रा आहे. वृद्धाश्रमाच्या दारात भेटणारे, एकमेकांना ओळखणारे दोघं. मोबाइलमध्ये बुडालेली आई. सीमेवरून येणारी पेटी. ही माणसं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. दुःख खरंच असतं, पण ते शेवटच्या ओळीत धक्का देण्यापुरतंच वापरलेलं असतं. आधीची ऐंशी शब्दांची लपवालपवी त्या एका ओळीसाठी. अशी कथा दुसऱ्यांदा वाचता येत नाही, कारण दुसऱ्या वाचनात तिच्यात काहीच उरलेलं नसतं. आणि चांगली अलक तर दुसऱ्यांदा वाचतानाच उघडते.

हे धक्कातंत्र येतं कुठून, याचा विचार तुम्ही करावा असं मला मनापासून वाटतं, कारण त्याचं एक मूळ स्पर्धेतच आहे. परीक्षकाला दोन दिवसांत मोठा गठ्ठा संपवायचा असतो. पन्नासाव्या कथेपर्यंत मन बधिर झालेलं असतं. त्या अवस्थेत हळू बोलणारी कथा हातून निसटते आणि कानाखाली वाजवणारी लक्षात राहते. तिला बक्षीस मिळतं, ती समारंभात वाचली जाते, फॉरवर्ड होते, आणि पुढच्या वर्षी तिच्यासारख्या वीस येतात. परीक्षक वाईट नसतात, लिहिणारेही वाईट नसतात. नुसती स्पर्धाच असेल आणि शिकण्याची जागा नसेल, तर बक्षीसपात्र कथा हीच पाठ्यपुस्तक होऊन बसते.

दुसरी सवय त्याहून जुनी आहे, आणि ती आपल्या परंपरेतून आली आहे. मराठीत अगदी छोटी गोष्ट सांगण्याची रीत तेराव्या शतकापासूनची. महानुभावांच्या 'दृष्टान्तपाठा'त 114 दृष्टान्त आहेत. चक्रधरस्वामींचे हे दृष्टान्त केशिराजबासांनी संकलित केले, आणि त्यांची मांडणी तीन भागांची आहे: आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक. सूत्र म्हणजे सिद्धान्त. दृष्टान्त म्हणजे गोष्ट, हत्ती चाचपून पाहणाऱ्या आंधळ्यांची, उदाहरणार्थ. आणि दार्ष्टान्तिक म्हणजे त्या गोष्टीचा सिद्धान्ताशी मेळ घालून दाखवणं. मधल्या भागातलं मराठी गद्य इतकं नेटकं आहे की मी पहिल्या बैठकीत त्यातले दोन-तीन उतारे मोठ्याने वाचून घेते. विशेषण जवळजवळ नाहीच, क्रियापदं भराभर पुढे जातात, माणूस येतो, काहीतरी करतो, गोष्ट संपते. तिसरा भाग तिथे लागतोच, कारण तो शिकवणुकीचा ग्रंथ आहे, शिष्याच्या मनात शंका राहून चालणार नाही. आपण मात्र कथा लिहितानाही तो तिसरा भाग सोडायला तयार नसतो. 'खरंच, माणूस गेल्यावरच त्याची किंमत कळते.' 'पैशापेक्षा माया मोठी.' वि. स. खांडेकरांच्या रूपककथांनी मराठी वाचकाला छोट्या गोष्टीची गोडी लावली, पण गोष्टीतून बोध निघालाच पाहिजे ही अपेक्षाही आपल्या मनात घट्ट बसली. शाळेत 'तात्पर्य' लिहिल्याशिवाय गोष्टीचे गुण मिळत नव्हते, तेही आहेच.

म्हणून माझ्या गटात पहिला अभ्यास एकच असतो. आपल्या कथेच्या शेवटच्या वाक्यावर बोट ठेवायचं आणि त्याच्याशिवाय कथा शेजाऱ्याला वाचून दाखवायची. शेजाऱ्याला कळली तर ते वाक्य कायमचं गेलं. बहुतेकांचं जातं.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून आमच्याकडे झालेलं एक उदाहरण देते. लिहिणाऱ्या बाईंच्या परवानगीने देते आहे. पहिला खर्डा असा होता:

'सुलभाताईंचे पती गेल्या महिन्यात हृदयविकाराच्या झटक्याने वारले होते. त्यामुळे त्या फार एकट्या पडल्या होत्या. घरात जिकडे पाहावं तिकडे त्यांना त्यांच्याच आठवणी येत. रोज सकाळी दूधवाला दोन पिशव्या टाकून जायचा. एवढं दूध संपत नसे, म्हणून त्या दही लावायच्या आणि शेजारी वाटायच्या. शेवटी एक दिवस जड अंतःकरणाने त्या दूधवाल्याला म्हणाल्या, "उद्यापासून एकच पिशवी टाक." दूधवाल्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. खरंच, सहवास संपल्यावरच त्याचं मोल कळतं.'

यात सगळं आहे. दुःख आहे, दूध आहे, दही आहे. पण वाचकाला करायला काहीच शिल्लक नाही. आम्ही शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. मग दूधवाल्याचं पाणी गेलं, कारण वाचकाने रडावं म्हणून त्याला रडायला लावलं होतं. 'जड अंतःकरणाने' हे शब्द आम्ही सगळ्यांनी इतक्या वेळा वाचलेत की ते वाचताना काही दिसतच नाही. 'एकट्या पडल्या होत्या' हे सांगायची गरज आहे का, असं त्या बारावीच्या मुलीने विचारलं. दही वाटत फिरणारी बाई आणखी काय असणार? मग प्रश्न आला पहिल्या वाक्याचा. नवरा गेला हे कुठेतरी कळायला तर हवं. बराच वेळ कुणाला सुचेना. मग एमआयडीसीतला मुलगा म्हणाला, 'मावशी, शीर्षकात टाका ना.'

चौथ्या खर्ड्यात कथा अशी झाली:

तेराव्यानंतर

'काकू, अजून दोनच पिशव्या टाकू?'

'दोनच.'

त्या महिन्यात तिसऱ्या मजल्यापासून सातव्यापर्यंत सगळ्यांकडे दही पोचलं.

एक तारखेला हिशेब देताना त्या म्हणाल्या, 'उद्यापासून एकच टाक. दही संपत नाही रे.'

इथे एक वाद झाला तो मला फार मोलाचा वाटतो. निवृत्त काकांचं म्हणणं, 'तेराव्यानंतर' हे शीर्षक जास्त सांगतं, 'विरजण' ठेवा. ठेवून पाहिलं. लगेच एक जाऊबाई म्हणाल्या, मग मला वाटेल मुलगा परदेशी गेला. दुसऱ्या म्हणाल्या, मला वाटेल सून वेगळी राहायला गेली. म्हणजे एका शब्दाने तीन कथा झाल्या. लिहिणाऱ्या बाई सगळा वेळ गप्प बसून ऐकत होत्या, कारण आमच्याकडे तो नियमच आहे: चर्चा चालू असताना लेखकाने स्पष्टीकरण द्यायचं नाही. शेवटी त्यांनी 'तेराव्यानंतर'च ठेवलं. वाचकाने कोण गेलं याचं कोडं सोडवत बसावं असं त्यांना नको होतं, त्याने दह्याकडे बघावं एवढंच हवं होतं. हा निर्णय त्यांचा, आणि तो त्यांनी कारण देऊन घेतला. मी शिकवते ते एवढंच. कुठल्याही स्पर्धेत हा अर्धा तास मिळत नाही.

दुसरी गोष्ट शब्दमर्यादेची. नेमक्या शंभर शब्दांच्या कथेचा प्रकार 1980च्या दशकात ब्रिटनमधल्या विज्ञानकथाप्रेमींनी रूढ केला. आपल्याकडे त्याची शतशब्दकथा झाली, तिची लाडाने 'शशक' झाली, आणि शंभराचा आकडा तसाच आला. पण इंग्रजीतले शंभर आणि मराठीतले शंभर सारखे नाहीत. 'बसस्टॉपवरच्या माणसाकडून' हे आपले दोन शब्द. इंग्रजीत तेच 'फ्रॉम द मॅन ॲट द बस स्टॉप', म्हणजे सात. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यामुळे शंभर मराठी शब्दांत ऐसपैस जागा असते, आणि नवा लेखक ती जागा विशेषणांनी भरतो. मी सुरुवातीला साठाची मर्यादा घालते. नंतर मर्यादा काढूनच टाकते, कारण कथेला किती शब्द हवेत हे कथेनेच ठरवावं, आणि तोवर त्यांना ते ऐकू यायला लागलेलं असतं. तुमच्या नियमावलीत 'नेमके शंभर शब्द, एक शब्द कमी-जास्त झाल्यास कथा बाद' असं असतं तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं. आकडा जुळवण्यासाठी 'खूप' आणि 'अगदी' घातलेल्या कथा मी पाहिल्या आहेत.

आणि मराठीने दिलेली हत्यारं तर कुणी शिकवतच नाही. परदेशी कार्यशाळांतली सूत्रं मराठीत आणून वाटली जातात, पण आपल्या व्याकरणात केवढी सोय आहे बघा. भूतकाळातलं सकर्मक क्रियापद कर्माच्या मागे जातं: 'मी चहा केला', 'मी दार लावलं'. बोलणारा पुरुष की बाई, पत्ता लागत नाही. अकर्मक आलं की लगेच उघड होतं: 'मी उठले', 'मी उठलो'. म्हणजे निवेदकाची ओळख कधी द्यायची, हे एका क्रियापदावर ठरवता येतं. हे धक्क्यासाठी वापरू नका, असं मी बजावते. वाचकाने माणसाला आधी माणूस म्हणून पाहावं, यासाठी वापरा. नात्यांचे शब्द घ्या. जाऊ, नणंद, साडू, मामेसासरे. एका शब्दात अख्खं घर उभं राहतं, त्यात कोण कुणापुढे दबून आहे तेही कळतं. आणि आपले 'तू', 'तुम्ही', 'अहो', 'अगं'. जन्मभर नवऱ्याला 'अहो, ऐकलंत का' म्हणत आलेली बाई अतिदक्षता विभागाच्या दारात 'अरे, ऊठ ना' म्हणते, तेव्हा लेखकाने आणखी एक अक्षरही लिहू नये. ही एक ओळ गटात वाचली गेली तेव्हा कुणी काही बोललं नाही, आणि त्या दिवशीचा माझा उरलेला पाठ मी घेतला नाही.

इथे एका दंतकथेबद्दल बोलायलाच हवं, कारण ती तुमच्या जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात पाहुण्यांच्या तोंडून ऐकू येते. बाळाचे न वापरलेले बूट विकायला आहेत, अशा अर्थाची ती सहा शब्दांची इंग्रजी कथा अमेरिकन लेखक हेमिंग्वेने पैज लावून लिहिली, असं सांगतात. हेमिंग्वेने ती लिहिल्याचा कोणताही पुरावा नाही. तशा आशयाच्या ओळी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतल्या इंग्रजी वृत्तपत्रांत आणि नियतकालिकांत सापडतात, आणि तेव्हा हेमिंग्वे लहान होता. हे सांगते ते कुणाला खोडून काढण्यासाठी नाही. त्या दंतकथेमुळे नव्या लेखकाला वाटतं की छोटी कथा म्हणजे पैजेवर सुचलेली चमकदार कल्पना. त्यापेक्षा उर्दू कथाकार मंटोच्या 'सियाह हाशिये'बद्दल सांगा. फाळणीच्या दंगलींवरचं हे पुस्तक 1948 सालचं. त्यातले काही मजकूर दोन-चार ओळींचे आहेत, आणि लेखक एकदाही हळहळत नाही, कुणाला दोषी ठरवत नाही. किंवा जपानच्या कावाबाता यांच्याबद्दल सांगा. 1968 साली नोबेल मिळालेल्या या कादंबरीकाराने आयुष्यभर तळहातावर मावतील अशा शंभराहून अधिक कथा लिहिल्या. मोठं लिहिता येत नाही म्हणून छोटं लिहायचं, वाचकाला वेळ नाही म्हणून छोटं लिहायचं, या दोन्ही समजुती हे दोघं पुसून टाकतात. 'आजच्या धावपळीच्या युगात अलक ही काळाची गरज आहे' हे वाक्य तरी कृपा करून प्रास्ताविकातून काढा. ठाण्याहून वाशीला लोकलने जाताना जेवढा वेळ हाताशी असतो, त्यात चांगली दीर्घकथाही वाचून होते. अलक छोटी असते कारण तिचं म्हणणं तेवढ्यातच पुरं होतं.

आता या गावांबद्दल. नवी मुंबई 1970नंतर सिडकोने वसवली असं आपण म्हणतो, पण तिच्याआधी इथे गावं होती आणि ती अजून आहेत. घणसोली, गोठिवली, कोपरखैरणे, जुहूगाव. सेक्टरच्या मधोमध गावठाण आहे, गावदेवीचं देऊळ आहे, आणि तिथे 'मला'च्या जागी 'मना' म्हणणारी आगरी-कोळी घरं आहेत. शेजारीच बाजार समितीत ओझी उचलणाऱ्या माथाडी कामगारांची वस्ती आहे, त्यांची मुळं सातारा-सांगलीच्या गावांत. ठाण्यात किसननगर आहे, वागळे इस्टेट आहे, कोलशेत आहे. या लोकांकडे गोष्टींची वाण नाही. भातशेतीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत सुरक्षारक्षकाची नोकरी करणाऱ्या माणसाला कथाबीज शोधायला जावं लागत नाही. पण तुमच्या पत्रकावर लिहिलेलं असतं: 'भाषा प्रमाण असावी, शुद्धलेखनाच्या चुका असलेल्या कथा विचारात घेतल्या जाणार नाहीत.' हे एक वाक्य वाचून किती जण लिहिण्याआधीच थांबत असतील, याची कल्पना करा. माझ्या गटात घणसोली गावातल्या एका मुलाने आजीचे संवाद 'शुद्ध' करून आणले होते. त्या कथेतली आजी बातम्या देणाऱ्या बाईसारखी बोलत होती. मी त्याला म्हटलं, ती घरी बोलते तसं बोलू दे. दुसऱ्या खर्ड्यात आजी बोलायला लागली आणि कथेतली निम्मी वर्णनं आपोआप गळून पडली, कारण ती कुठली, कशी, किती वयाची, हे तिच्या बोलण्यातच आलं होतं. ऱ्हस्व-दीर्घ शेवटी कुणीही तपासून देईल. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद तुम्ही पेढे वाटून साजरा केलात, मीही त्यात होते. त्या आनंदात आगरी बोलणाऱ्या आजीचाही वाटा आहे. नियमावलीतलं ते वाक्य काढा.

मी मागते ते फार खर्चाचं नाही. पंधरवड्यातून एकदा, दोन तास, एक खोली. लांब टेबल असेल तर उत्तम, नसेल तर सतरंजी चालेल. एका गटात बारापेक्षा जास्त माणसं नकोत, कारण त्याहून जास्त झाली की प्रत्येकाची कथा वाचून होत नाही आणि मग व्याख्यान सुरू होतं. व्याख्यान नको, हे आवर्जून सांगते. प्रमुख पाहुणे, दीपप्रज्वलन, आभारप्रदर्शन, काही नको. प्रत्येक कथेच्या छापील प्रती हव्यात, कारण मोबाइलवर कथा काटता येत नाही; हातात पेन हवं, वाक्यावर रेघ मारता यायला हवी. लेखकाने स्वतःची कथा वाचायची नाही, दुसऱ्याने वाचायची. लेखक स्वतः वाचतो तेव्हा आवाजाने कथेतली भोकं बुजवतो. दुसरा वाचताना जिथे अडखळतो, तिथेच बहुधा दुरुस्ती लागते. कथा घेऊन न येणाऱ्यालाही बसू द्यावं, ऐकता ऐकता तो लिहू लागतो. शुल्क ठेवू नका. ठेवायचंच तर झेरॉक्सपुरतं ठेवा.

तुमच्यापैकी बरीच वाचनालयं महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, 1967 खाली मान्यता मिळालेली आहेत. अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे मिळणारं अनुदान पुरत नाही, हे मला ठाऊक आहे. सभासद घटताहेत, देवघेवीच्या खिडकीपाशी तरुण चेहरा दिसत नाही, ही तुमची खंतही ऐकली आहे. मला खात्री वाटते की लिहायला शिकणारा माणूस वाचायला येतो. आमच्या गटातल्या ज्या बाईंनी दह्याची कथा लिहिली, त्यांनी त्यानंतर दृष्टान्तपाठ मागून नेला. शाळेनंतर त्यांनी जुनं मराठी हातात धरलं नव्हतं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 साली सुरू झालं, आणि त्याच्या स्थापनेत पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे वि. ल. भावे होते. तेव्हाही पैसा कमीच होता आणि वाचणारेही मोजकेच. 2010च्या डिसेंबरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच ठाण्यात भरलं, 84वं. एवढा मोठा मांडव उभा करणाऱ्या शहराला बारा माणसांची खोली जड जाऊ नये.

स्पर्धेबद्दलही एक विनंती आहे. ती घ्याल तेव्हा परीक्षकांना गठ्ठा दोन दिवस नव्हे, तीन आठवडे आधी द्या, आणि प्रत्येक कथेखाली त्यांच्या हातच्या दोन ओळी मागा. 'छान', 'सुमार', 'विषय चांगला' असे शेरे नकोत. कुठलं वाक्य काढलं तर कथा सुधारेल, एवढं एकच लिहून द्यावं. त्यासाठी परीक्षकाला थोडं मानधन जास्त द्यावं लागेल. सन्मानचिन्हं कमी करा आणि ते द्या. विषय देणार असाल तर 'आई', 'पाऊस', 'आयुष्य' असे देऊ नका. 'हिशेबाची वही', 'लिफ्ट बंद आहे', 'भाड्याची पावती' असे द्या. हाताला लागणारी वस्तू दिली की माणूस तत्त्वज्ञान सांगायला जात नाही. आणि विजेत्या कथा फॉरवर्ड करताना लेखकाचं नाव कथेच्या वर घाला. खाली घातलं की ते पहिल्याच फॉरवर्डमध्ये गळतं, आणि पंधरा दिवसांनी तीच कथा कुणा भलत्याच्या नावाने लेखकाच्या मोबाइलवर परत येते.

मराठी शाळांतल्या मुलांसाठी वेगळा गट करता आला तर मला सगळ्यात जास्त आनंद होईल. आठवी-नववीची मुलं या प्रकारात फार चटकन रुळतात. तात्पर्य लिहायचं नाही, असं सांगितल्यावर त्यांचे चेहरे असे खुलतात की शिकवणाऱ्याचा थकवा जातो.

मला स्वतःला मानधन नको. येत्या फेब्रुवारीच्या आत निदान सहा बैठका व्हाव्यात असं वाटतं, म्हणजे यंदाच्या स्पर्धेत पाठवलेल्या काही कथा तरी चार जणांनी वाचलेल्या, वाद घातलेल्या, काटलेल्या असतील. तुमच्या पुढच्या कार्यकारिणी सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. खोली मिळत असेल तर वार आणि वेळ कळवा, ठाण्यात किंवा ट्रान्स-हार्बर रेल्वेमार्गावरच्या कुठल्याही स्टेशनाजवळ असली तरी मी येईन. मिळत नसेल तर अडचण काय आहे ते लिहा. जागेची असेल, किल्लीची असेल, शिपायाच्या वेळेची असेल, तर आपण बसून मार्ग काढू.

कळावे, लोभ असावा.

आपली,
ठाण्यातली एक वाचक सभासद